शांताच्या सुताचे तेरा गोळे

१६ एप्रिल, बुधवार. दार्सैत, मस्कत
बी.पी.ची गोळी घेतली. चहा दोनदा. सूनबाई स्मितानं दुसऱ्या कपाकडं काणाडोळा केला, देव तिचं भलं करो.
नात तन्वी पुस्तक घेऊन शेजारी. परीक्षा तोंडावर. विषय इतिहास, तोही इंग्लंडचा, पाचशे वर्षांमागचा. मधेच म्हणाली, "आबा, एका मागाला कातणाऱ्या बायका किती लागायच्या?"
"चार तर हव्यातच. घाई असली तर पाच."
पुस्तकात बघून डोळे मोठे केले. "इथं पण तसंच काहीतरी आहे! तुम्हाला कसं माहीत?"
म्हटलं, बये, घोंगडी विणणाऱ्या सणगराच्या पोराला हे नाही कळायचं तर कुणाला? शाळा चौथीत सुटली, माग सत्तरीपर्यंत नाही सुटला.
दुपारी पलंगाखालची पिशवी ओढली. गोळे मोजले. तेरा. मोजून वाढत नाहीत हे माहीत असून मोजतो.

२० एप्रिल, रविवार
तन्वी सप्टेंबरात शिकायला इंग्लंडला जाणार. बेत ठरला तेव्हा मुलाचा, विजयचा, गावी फोन आला होता. बायकोनं, शां.नं, एवढंच विचारलं, "तिकडं थंडी कशी असती?" विजय म्हणाला, "हाडं गोठतात, आई." दुसऱ्या दिवशी चरखा माळ्यावरनं खाली. कोकरांची पहिली कातरण, मऊ, काळी कुळकुळीत, धनगराकडनं मागून आणली. नातीला घोंगडं. घोंगड्याला सतरा गोळे लागतात. तेरा झाले, चौदाव्याची लोकर पिंजून टोपलीत, आणि बाई जगातनं उठून गेली. दीड वर्ष होईल. टोपलीतल्या लोकरीला कसर लागली. गोळे तेवढे मी बॅगेतनं इथं आणले. माग गावी, मी मस्कतला. असो.
आज चुलतभावाला फोन. म्हटलं, चार गोळ्यांपुरती काळी लोकर बघ. तर म्हणतो, "कुठली दादा? गायरानाला तार घातली, आत उन्हावर वीज करायच्या काचा बसवल्या. मेंढरं आता या अंगाला फिरकत न्हाईत."
तन्वीला सांगितलं. म्हणाली, "सेम, आबा! म्हणजे उलटं सेम." तिच्या पुस्तकात लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी सगळ्यांच्या चराऊ रानाला कुंपण घातलं. नांगरवाले रस्त्यावर आले, मेंढरं आत राहिली. आमच्यात मेंढरंच बाहेर. कुंपण मात्र दोन्हीकडं सारखं.

२३ एप्रिल, बुधवार
इब्राला जाऊन आलो. पाय सुजलेत, जीव हलका.
तळमजल्यावर हमीदभाई राहतात. श्रीवर्धनकडचे, रुवीत कापडाचं दुकान. दर बुधवारी इब्राला बायकांचा बाजार भरतो, तिथं माल पोचवतात. म्हणाले, "आबा, चला. तिथं म्हाताऱ्या लोकर कातून विकतात. बघा तरी." तन्वीला अभ्यासाची सुट्टी, तीही निघाली. दोन तास नुसते भाजलेले डोंगर.
बाजार बायकांचा म्हणजे बायकांचाच. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषाला दारातनं परत. हमीदभाई म्हणाले, "बावीस वर्सं झाली, माझा कापड आत जातो, मी नाय." लग्नघराबाहेर जोडे राखत बसावं तसे आम्ही दोघं भिंतीच्या सावलीला. तन्वी आत. फोनवर फोटो यायला लागले.
"आबा, हे?"
"पिंगट आहे."
"हे?"
"उजेडात धर… घे! घे, घे, सोडू नको!"
चार गोळे. रंग हुबेहूब. म्हातारीनं वर मूठभर खजूर दिला म्हणे.
तेरा आणि चार सतरा. येताना गाडीत पिशवी मांडीवर. शां.ला सांगावंसं वाटलं, फोन करावा इतकं.

३० एप्रिल, बुधवार
माग मिळाला!
इब्राच्या पुढं एका वाडीत हमीदभाईंच्या ओळखीचे सालेम म्हणून गृहस्थ. माझ्याच वयाचे. खजुराची झाडं, मधून पाण्याचा पाट, आणि झावळ्यांच्या छपराखाली खड्ड्याचा माग. आपल्यासारखाच. जमिनीत खड्डा, त्यात पाय, वर ताणलेलं उभं सूत, ताणा. मला वाटलं होतं हे जगात आपल्याच आळीत असतं.
मला बघून म्हणाले, "या शायब!" हमीदभाई हसले. "म्हातारबुवा म्हणतो तुम्हाला." म्हटलं, त्याला विचारा, स्वतःच्या दाढीला कलप लावतो का? सालेम पोट धरून हसले. त्यांना थोडं हिंदी येतं. म्हणाले, "बैठो."
बसलो. पाय खाली सोडले. पायांनी पावड्या, खालच्या फळ्या, आपसूक शोधल्या. काय सांगू. उठायला तिघं लागले, ते गुडघ्यामुळं नव्हतं.
दर बुधवारी यायचं ठरलं. खाडा नाही.

७ मे, बुधवार
ताणा लावला. कडेच्या दोन पट्ट्यांना इब्राचं सूत, मधे सगळं शां.चं. वडिलांचा नेम होता: ज्या बाईचं सूत तिचं घोंगडं वेगळं. "दोन बायकांचं सूत एका मागावर भांडतं," म्हणायचे. आळीतल्या पाचजणी आमच्यासाठी कातायच्या, पण गोळे कधी एकत्र झाले नाहीत. मला ती सासूसुनांची थट्टा वाटायची. आज मोडला नेम. माफ करा, दादा.
सुताला ताठपणा आणणाऱ्या खळीवरनं गंमत. सालेम पिठाची पेज लावतात. मी अडून बसलो, चिंचोक्याचीच खळ पाहिजे, त्याशिवाय ताण्याला कणा येत नाही. रुवीत मिळते ती चिंच सोललेली. तन्वीनं मागच्या बुधवारीच बायकांच्या बाजारातनं बियांसकट चिंचेचा गड्डा आणला. स्मितानं आठवडाभर चिंचेची आमटी केली आणि चिंचोके जमवले. विजय म्हणतो, आई असती तर दात आंबले असते तिचे. त्यानं आईचं नाव हसत घेतलं, पहिल्यांदाच.
खळ लावून ताणा वाळत ठेवलाय.

१४ मे, बुधवार
घात झाला.
चार बोटं विणलं. कडा पापडासारख्या वळल्या. दोन्हीकडनं पट्टी मुरडली, मधलं सपाट. बरं, तुटलेला धागा जोडावा तर जोड धरत नाही. आम्ही गाठ मारत नाही, घोंगड्यात गाठ पाठीला टोचते. दोन टोकं ओली करायची, अंगठ्यानं एकमेकांत पिळायची, झालं. जन्मभर हजारो जोड दिले. आज शां.च्या टोकाला इब्राचं टोक लावलं की उलगडतंय. लावलं की उलगडतंय. सहा वेळा.
तोल गेला. म्हणालो, त्या बाईनं फसवलं, कच्चं सूत दिलं.
सालेमांचा चेहरा उतरला. म्हातारी त्यांच्या नात्यातली निघाली. इब्राचा एक धागा घेतला, शां.चा एक घेतला, दोन्ही माझ्या नाकासमोर लोंबते धरले. एक गिरकी घेत उजवीकडं उलगडला. दुसरा डावीकडं.
"इस का सीधा," म्हणाले. "तुम्हारा उल्टा."
"उलटं तुमचं!" मी ओरडलो. ओरडलोच.
परतीला हमीदभाईंनी गाणी लावली नाहीत.

१५ मे, गुरुवार
तेराच्या तेरा गोळ्यांची टोकं तपासली. ताण्यात गेलेल्यांचीही उरलेली शेपटं बघितली. सगळी उलट्या पिळाची. गावाकडनं आणलेल्या जुन्या घोंगड्याची दशी काढून पाहिली, ते आईच्या सुताचं. सुलटा पीळ.
खिडकीत बसून राहिलो. मग दिसायला लागलं.
आळीतल्या बायका दुपारी ओसरीला रांगेनं चरखे मांडायच्या. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. शां. एकटी भिंतीकडं तोंड करून, चरखा अलीकडचा पलीकडं ठेवून. आई म्हणायची, "जग पूर्वेला तर ही पश्चिमेला." मला वाटायचं, नवी नवरी, लाजते. मग वाटायचं, आईवर रुसते. मग वाटायचंच बंद झालं.
आणि हेही आठवलं. तिच्या सुताला जोड देताना माझा अंगठा मागं जायचा, बाकीच्यांच्या सुताला पुढं. बुधवारी मी तो पुढं ढकलत होतो, मागं ओढत होतो. हाताला ठाऊक होतं. मला नव्हतं.

१७ मे, शनिवार
धाकट्या भावजयीला, इंदूला, फोन केला. विचारलं, शांता डावखुरी होती काय?
मग हसायला लागली.
"भावजी, आख्ख्या आळीला ठावं व्हतं. तुमास्नीच न्हवतं?"
म्हणाली, लग्नाच्या पहिल्याच जेवणात आईनं तिच्या डाव्या हातावर पळी मारली. त्यानंतर ताटावर, वाढताना, हळदीकुंकवाला, सगळीकडं उजवा. "पन चरख्याला कोन बघतंय? तितं ती तिच्या हातानं व्हती."
पंचेचाळीस वर्षं एका छपराखाली. तिनं वाढलेलं जेवलो, तिनं कातलेलं विणलं. विचारलं नाही कधी. बोलली पण नाही.
का बोलली नसेल.

१८ मे, रविवार
तन्वीला अभ्यासात व्यत्यय नको म्हणून गप्प होतो, पण तिनंच काढून घेतलं. सगळं ऐकून म्हणाली, "तिकडं विणकरांच्या गिल्डचे, म्हणजे संघाचे लोक होते, आबा. कापड चेक करायचे. वाईट सूत मिक्स केलं की दंड."
"मग मला किती बसेल?"
"तुम्ही आजीला सॉरी म्हणा. तेवढाच."
पोरीचं मराठी अडखळतं, पण नेम बरोबर.

२१ मे, बुधवार
आधी मागावर जाऊन कडेच्या पट्ट्या सोडवल्या, मग त्या म्हातारीकडं निरोप. तन्वीनं आत जाऊन सांगितलं की आजोबा चुकले, सूत चांगलं, आमचंच उलटं. म्हातारी खूप हसली म्हणे. चारही गोळ्यांची कडेची पट्टी मी ताण्यातनं सोडवून परत दिली होती, ती घेतली आणि बदल्यात न कातलेली काळी लोकर दिली, पोतंभर. म्हणाली, उलटं कातणारी शोध.
सालेमांपुढं मी कान धरले. त्यांना कळेना हा काय प्रकार. हमीदभाईंनी अरबीत समजावलं. मग त्यांनीही स्वतःचे कान धरले! दोन म्हातारे कान धरून उभे.
ताणा आता नुसत्या शां.च्या सुताचा, कडाही तिच्याच सुतानं भरल्या. बाण्याला, म्हणजे आडव्या सुताला, तिचे चार गोळे उरतात. अर्ध्यापर्यंत पुरतील, आणखी चार लागतील. पुढं?

१३ जून, शुक्रवार
काल तन्वीची परीक्षा संपली. कुंपणावर प्रश्न आला म्हणे. "मी आपलं गायरान आठवून लिहिलं, पण नाव इंग्लंडचं टाकलं."
आज जेवायला बसलो. पोरगी आमटी भुरकत होती, चमचा डाव्या हातात. मी घास तसाच धरून बघत राहिलो. दीड वर्ष झालं, रोज समोर जेवते.
म्हणालो, "तन्वी, तू डावखुरी आहेस."
"ब्रेकिंग न्यूज," ती म्हणाली. मग चमचा ठेवून, "आबा, तुम्हाला आठवत नाही? मी पाच वर्षांची होते, गावी आले होते. तुम्ही माझ्या हातावर मारलं होतं. याच हातावर. आजीनं मला उचलून आत नेलं आणि डाव्या हातानंच भरवलं. दोघींनी डाव्या हातानं खाल्लं, दार लावून."
स्मिता म्हणाली, "तन्वी, पुरे."
पुरे कसलं. मला खरंच आठवत नव्हतं. मारणाऱ्याला नाही आठवत.
हात धुऊन आलो आणि नातीपुढं बसलो. म्हटलं, चुकलो गं. दोघींचा.

१८ जून, बुधवार
सालेमांनी हातानं फिरवून कातायची लाकडी चाती करून दिली. तन्वीला शिकवायला मी बसलो, पण माझं सगळं उजवं. माझं बघून तिला जमेना. शेवटी मी तिच्यासमोर बसलो, आरशासारखा. माझा उजवा, तिचा डावा. मग चाती फिरली.
पहिला धागा म्हणजे कुठं शेवया, कुठं दोरखंड. सालेम म्हणाले, "माशाल्ला, रस्सी अच्छी है."
"आबा, तो मला टोमणा मारतोय ना?"
"होय."
"गुड. मला कळला."

१६ जुलै, बुधवार
उकाडा असा की डांबर बुटाला चिकटतं. खजूर उतरवायचे दिवस. आणि आम्ही लोकर विणतोय! अंगात घाम, हातात घोंगडं. गावात कुणी पाहिलं तर म्हणेल, म्हातारा चळला.
तन्वीचा एक गोळा पुरा. शां.चा शेवटचा गोळा धोट्यात.

३० जुलै, बुधवार
आज शां.चं सूत संपलं. शेवटचं टोक हातात. तन्वीनं आपलं टोक पुढं केलं. "मी लावू?"
"तू धर. जोड मी देतो."
ओलं केलं. अंगठा मागं नेला.
धरला. ओढून पाहिला. हलला नाही.
पाटाचं पाणी वाजत होतं. तन्वी नाक ओढत म्हणाली, "लोकरीची ॲलर्जी."
माझीही तीच.

२० ऑगस्ट, बुधवार
वेग नाही. तन्वीची खरेदी, कागदपत्रं, व्हिसा, मैत्रिणी. कातायला बसते, पण जीव अर्धा तिकडं. बरोबरच आहे. दीड गोळा झाला एकूण. चार हवेत.
मी घाई करणार नाही. एकदा हातावर मारलंय.

३ सप्टेंबर, बुधवार
तिचा शेवटचा बुधवार. दोन गोळे. घोंगडं पाऊण. पुढं नुसता ताणा, रिकामा.
सालेम म्हणाले, कापून दे, छोटा कंबल होगा, बच्ची को ठंडी नहीं लगेगी. बोलणं शहाणपणाचं. मी कातर हातात घेतली. शां.नं पोरीला थंडी वाजू नये म्हणून कातलं होतं, मापासाठी नाही. मग अडतंय काय?
तन्वीनं माझ्या हातातनं कातर घेतली. डाव्या हातानं.
"नको आबा. अर्धं नको. मी डिसेंबरमध्ये येणार आहे ना."
"तोवर थंडी?"
"जॅकेट आहे."
जॅकेट आहे. बरं.

१३ सप्टेंबर, शनिवार
विमानतळावर पोचवून आलो. बॅगेत स्मितानं लाडू, विजयनं दोन चार्जर. तन्वीनं मला हळूच पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. चाती, आणि थोडी काळी लोकर.
घरी आलो तर पलंगाखाली पिशवी नाही. सूत सगळं मागावर. हात तिथं जातो आणि फरशी लागते.

८ ऑक्टोबर, बुधवार
इब्रा. विणायला काही नाही. ताण्यावरची धूळ झटकली, खळ कुठं सुटली का पाहिलं, पावड्यांत पाय घालून बसलो. सालेम गावठी कॉफी घेऊन आले. त्यांना दुसरं काम मागावर घ्यायचं असणार, इतके महिने अडवून ठेवलाय. विचारलं. ते म्हणाले, "मेरा हाथ भी अभी काँपता है, शायब. रहने दो."
तसं ते हात कापत नाहीत त्यांचे. कॉफी ओतताना पाहिलं ना मी.

५ नोव्हेंबर, बुधवार
तन्वीचा फोन. अंगावर जॅकेट, नाक लाल. तिकडं चार वाजता अंधार. "आबा, हाडं खरंच गोठतात. बाबा जोक करत नव्हते."
कापून द्यायला हवं होतं का?
शां. असती तर तिनं काय केलं असतं, हे आता ठामपणे सांगवत नाही. पूर्वी सांगत असे.

१६ नोव्हेंबर, रविवार
फोटो आला. हिरवंगार रान, वर राखाडी आभाळ, मधे तारेचं कुंपण आणि पलीकडं मेंढ्या. तारेच्या काट्यांना लोकरीचे पुंजके अडकलेले. खाली लिहिलंय, "तोच विषय, आबा. पण लोकर फुकट!" रविवारी मैत्रिणींबरोबर फिरायला जाते, पुंजके वेचून खिशात भरते, खोलीत कातते. मैत्रिणी म्हणतात, वेडी आहे. काळी लोकर तिच्याकडची संपली.
दुसरा फोटो. तिसरा गोळा, अर्धा. पांढरा.
पांढरा.
काळ्या घोंगड्यात असं मधेच पांढरं आमच्या घरात कुणी घातलं नाही. वडील असते तर… पण वडिलांचा नेम बाईचा होता, रंगाचा नव्हता. आणि ही बाई दुसरी म्हणावी की तीच?
स्मितानं फोटो मोठा करून दिला. भिंग लावून बराच वेळ पाहिला. पीळ उलटा आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सालेमांना फोटो दाखवला. म्हणाले, पांढरं काळ्यावर मळतं. म्हटलं, मळू दे. हमीदभाई म्हणाले, "आबा, आधी गोळा तरी येऊंदे, मग भांडा."
खरं आहे. साडेतीन आठवडे राहिले ती यायला. दीड गोळा उरलाय, तिची परीक्षाही आहे. होईल, नाही होईल.
धोटा रिकामाच आहे. आज ताणा ओल्या फडक्यानं पुसला, वर चादर घातली. काळ्या सुताचं शेवटचं टोक बाहेर काढून ठेवलंय, वीतभर, हाताला लागेल असं. निघताना अंगठ्यानं चाचपून पाहिलं. मऊ आहे अजून. जोड घेईल.